चिनी रेस्टॉरंटमध्ये दहाजणांचे जेवण: बुकिंगपासून बिलापर्यंत

उंची चिनी रेस्टॉरंटमध्ये आठ-दहाजणांनी मिळून जेवण्याचा बेत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बिघडतो. मेन्यूकार्ड हाती आले की प्रत्येकजण आपल्यापुरता एक पदार्थ निवडतो आणि वेटर ती यादी निमूटपणे लिहून घेतो. अर्ध्या तासाने टेबलावर चार तळलेले पदार्थ आणि तीन गोडसर लाल सॉसमधले पदार्थ येतात, पालेभाजी एकही नसते, आणि शाकाहारी मंडळींच्या वाट्याला आलेल्या एकमेव टोफूत खिमा निघतो. चिनी जेवणात सगळे पदार्थ टेबलाच्या मधोमध येतात, ते सर्वांचे असतात आणि एकमेकांना पूरक म्हणून निवडलेले असतात. म्हणून दहा माणसांची मिळून एकच ऑर्डर असते आणि ती देणारा माणूसही एकच असावा लागतो. पुढचे टप्पे त्या माणसासाठी लिहिले आहेत. बिल तो एकटा भरणार असो वा सर्व मिळून, या लेखात त्याला यजमान म्हटले आहे.

टप्पा १ : माणसे, पथ्ये आणि खर्चाची मर्यादा

बुकिंगचा फोन करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहिलेल्या हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे नक्की येणाऱ्यांची संख्या. दहा-बारा माणसे एका गोल टेबलाभोवती बसतात. चौदा झाली की बऱ्याच ठिकाणी दोन टेबले करावी लागतात आणि प्रत्येक पदार्थ दोनदा मागवावा लागतो, कारण एका टेबलावरचा पदार्थ दुसऱ्या टेबलावर फिरत नाही. त्यामुळे बारा आणि चौदा यांत खर्चाचा फरक दोन माणसांपेक्षा बराच जास्त पडू शकतो. काही रेस्टॉरंटांच्या खासगी खोलीत सोळा किंवा वीस माणसांचे टेबल असते. संख्या काठावर असेल तर त्याची चौकशी आधी करावी.

दुसरी गोष्ट पथ्यांची. “कोणाला काही वर्ज्य आहे का?” असा मोघम प्रश्न विचारला की “सगळे चालते” असेच उत्तर मिळते आणि खरी अडचण टेबलावर बसल्यावर कळते. म्हणून यादीच पाठवावी: डुकराचे मांस, गोमांस, कोळंबी आणि खेकडे, शिंपले, अंडी, शेंगदाणे, तीळ, गहू, मद्य, कांदा-लसूण. यांपैकी काय वर्ज्य आहे आणि ते आवडीचा भाग म्हणून, धर्माचा भाग म्हणून की ॲलर्जी म्हणून, हे प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. नावडीसाठी पदार्थ बदलता येतो, पण ॲलर्जीसाठी स्वयंपाकघरातली कढई आणि डाव बदलावे लागतात.

इथे थोडे थांबायला हवे, कारण चिनी स्वयंपाकातले अनेक घटक मेन्यूकार्डावरून दिसतच नाहीत. ऑयस्टर सॉस शिंपल्यांच्या अर्कापासून बनतो आणि तो साध्या पालेभाजीवरही ओततात. एक्सओ सॉसमध्ये सुकवलेले शिंपले आणि सुकी कोळंबी असते, बरेचदा हॅम म्हणजे डुकराचे खारवलेले मांसही असते. ‘वरिष्ठ रसा’तली किंवा ‘उत्तम रसा’तली भाजी म्हणजे बहुधा कोंबडी आणि हॅम उकळून काढलेल्या रसात शिजवलेली भाजी. मापो टोफू, दानदान नूडल्स आणि कोरड्या परतलेल्या घेवड्याच्या शेंगा हे तिन्ही पदार्थ नावावरून शाकाहारी वाटतात, पण पारंपरिक कृतीत तिन्हींत मांसाचा खिमा असतो. सोया सॉस बनवताना बहुधा गहू वापरतात. बदकासोबत येणारा गडद गोड सॉस तर गव्हाच्या पिठापासूनच आंबवून तयार होतो. भाजलेल्या खाऱ्या-गोड पेस्ट्रीत डुकराची चरबी असू शकते. शाओशिंग ही तांदळाची वाइन मॅरिनेशनमध्ये इतकी सर्रास वापरतात की मद्य पूर्ण वर्ज्य असणाऱ्यांसाठी ती पदार्थागणिक विचारावी लागते.

सावधान: “शाकाहारी” हा एक शब्द सांगून काम भागत नाही. “मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी नाही, मांसाचा रस नाही, ऑयस्टर सॉस नाही, चरबी नाही” असे सुटे सांगावे. कांदा-लसूणही नको असेल तर “बौद्ध शाकाहारी” असे म्हणावे. चिनी बौद्ध मठांच्या परंपरेतला स्वयंपाक कांदा, लसूण आणि त्या कुळातल्या भाज्या टाळतो, आणि जाणत्या आचाऱ्याला एवढे शब्द पुरतात.

तिसरी गोष्ट खर्चाची माणशी मर्यादा. ती मनात ठेवून चालत नाही. उंची चिनी मेन्यूत वजनावर आणि माणशी भावावर विकले जाणारे पदार्थ असतात, आणि आकडा आधी ठरलेला नसला की तेच दोन पदार्थ सारे गणित बिघडवतात.

टप्पा २ : बुकिंग करताना विचारायचे प्रश्न

“शनिवारी आठ वाजता दहाजणांसाठी” एवढे सांगून फोन ठेवू नये. सर्वांत आधी इथले आचारी कोणत्या प्रांताचा स्वयंपाक करतात हे विचारावे. कँटनच्या परंपरेत वाफवलेला मासा, भाजलेली मांसे आणि दीर्घकाळ उकळलेली सुपे यांवर हात बसलेला असतो. सिचुआनमध्ये तिखट आणि जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी यांचा मेळ असतो. शांघाय आणि आसपासच्या प्रदेशात गोडसर, सोया सॉसमध्ये मंद शिजवलेले पदार्थ आणि खेकडे, तर बीजिंगकडे बदक आणि गव्हाचे पदार्थ. सगळे मिळणारी रेस्टॉरंटे आहेत, पण तिथेही एका बाजूला पारडे झुकलेले असतेच, आणि मेन्यूची निम्मी निवड त्या बाजूची ठेवणे शहाणपणाचे.

डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या-तळलेल्या छोट्या पदार्थांच्या, ओढीने रात्रीचे टेबल घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. कँटनच्या प्रथेत डिमसम हा सकाळपासून दुपारपर्यंतचा प्रकार आहे आणि परंपरेने चालणाऱ्या अनेक ठिकाणी तो संध्याकाळी मिळतच नाही.

खासगी खोली घ्यायची असेल तर किमान खर्चाची अट विचारावी, आणि त्या रकमेत मद्य, चहा आणि सर्व्हिस चार्ज धरतात की नाही हेही विचारावे. नेमका इथेच गैरसमज होतो. टेबल किती वेळासाठी मिळणार आणि स्वयंपाकघर शेवटची ऑर्डर कधी घेते, हे प्रश्नही याच फोनवर संपवावेत.

टेबलाचा आकार सहसा कोणी विचारत नाही. दहाजणांसाठी मध्ये फिरती तबकडी असलेले गोल टेबल हवे. लांबट टेबल मिळाले तर दोन्ही टोकांचे लोक प्रत्येक पदार्थासाठी ताटकळत बसतात. दुसरा इलाजच नसेल तर प्रत्येक पदार्थ दोन बशांत विभागून आणायला सांगावे.

पडताळणी: फोन ठेवण्यापूर्वी संख्या, वेळ, टेबलाचा आकार, किमान खर्च, अनामत रक्कम आणि ॲलर्जीची नोंद हे सर्व समोरच्याकडून परत म्हणून घ्यावे. फोन घेणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.

टप्पा ३ : आधी सांगूनच मिळणारे पदार्थ

ज्यासाठी लोक मुद्दाम इथे येतात, त्यांतले बरेच पदार्थ ऐन वेळी मिळत नाहीत. पेकिंग बदकाची कातडी हवा भरून मांसापासून सुटी करतात, तिच्यावर उकळते पाणी ओततात, माल्टोजचा पाक फिरवतात आणि मग ते बदक कित्येक तास टांगून सुकवतात. त्यानंतरच ते भट्टीत जाते. त्यामुळे अनेक ठिकाणी एक दिवस आधी सांगावे लागते, आणि जिथे रोज बदके तयार असतात तिथेही संध्याकाळी ती संपतात. कमळाच्या पानात आणि मातीत गुंडाळून भाजलेली ‘भिकाऱ्याची कोंबडी’ काही तास घेते. सुकवलेला अबालोन (एक समुद्री गोगलगाय) आणि समुद्रकाकडी (हाही समुद्रातला प्राणीच) शिजवण्याआधी फुगायलाच काही दिवस लागू शकतात, म्हणून फुजियान प्रांतातले ‘बुद्धाने भिंतीवरून उडी मारली’ या नावाचे प्रसिद्ध सूप पूर्वसूचनेशिवाय मागणे व्यर्थ असते. भांड्यात बंद करून वाफेवर तासन्‌तास उकळलेली सुपेही याच वर्गातली.

यांतला एक, फार तर दोन पदार्थ निवडावेत. तीन मुख्य आकर्षणे एकाच जेवणात आणली की तिसरे येईपर्यंत टेबलावरची भूक संपलेली असते आणि सर्वांत महागडा पदार्थ बांधून न्यावा लागतो.

टप्पा ४ : मेन्यूची जुळणी

हा टप्पा घरी, शांतपणे, दोन दिवस आधी उरकावा. मेन्यूकार्डाचा फोटो मागवून घ्यावा. रेस्टॉरंटचा ठरावीक मेजवानीचा मेन्यू असेल आणि माणसे बारापेक्षा अधिक असतील तर तो घेणे सोयीचे पडते, मात्र पथ्यांच्या यादीशी तो पदार्थागणिक ताडून पाहावा. एक-दोन पदार्थ बदलून द्यायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते.

स्वतः जुळणी करायची तर आधी संख्या ठरवावी. मध्यम आकाराच्या बशा धरल्या तर गरम पदार्थांची संख्या माणसांच्या संख्येहून दोन-तीनने कमी, त्यावर दोन-तीन थंड पदार्थ, एक सूप आणि शेवटी भात किंवा नूडल्स, एवढे पुरते. लहान आकार दोन ते चारजणांसाठी आणि मोठा आकार दहा-बाराजणांसाठी असतो, पण प्रत्येक रेस्टॉरंटच्या बशा वेगळ्या, “दहाजणांसाठी कोणता आकार?” हे विचारण्यात कमीपणा नाही. एकूण पदार्थ मोजून सात होत असतील तर एखादा वाढवावा: हाँगकाँगमध्ये अंत्यविधीनंतरच्या जेवणात सात पदार्थ असतात, आणि चिनी पाहुणे टेबलावर असतील तर ते बहुधा त्यांच्या लक्षात येते. शुभप्रसंगी आठ हा आकडा नेहमी सुरक्षित.

त्यानंतर कागदावर तीन रकाने आखावेत: मुख्य घटक, शिजवण्याची पद्धत आणि चव. प्रत्येक पदार्थ त्यांत भरत जावा आणि कोणतीही गोष्ट दोनपेक्षा अधिक वेळा येऊ देऊ नये. दोन कोंबड्या चालतील, पण एक थंड आणि एक तिखट परतलेली. तळलेला पदार्थ एकच पुरे. वाफवलेला एक तरी हवाच, कारण तळलेल्या आणि गडद सॉसच्या पदार्थांमध्ये जिभेला विसावा तिथेच मिळतो. खूप तिखट पदार्थ दोन असतील तर त्यांच्या जोडीला सौम्य पालेभाजी आणि टोफू ठेवावेत. नवखे यजमान पालेभाजीला जागा अडवणारी समजतात; चांगल्या चिनी स्वयंपाकघरात आल्यासोबत मोठ्या आचेवर क्षणभर परतलेली हिरवी भाजी ही आचाऱ्याच्या हाताची खरी परीक्षा असते आणि टेबलावरची सर्वांत आधी संपणारी बशी अनेकदा तीच ठरते.

दहाजणांचा गट धरू, त्यात दोघे शाकाहारी आणि एकाला कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी. थंड पदार्थांत लसूण आणि काळ्या व्हिनेगरमधली ठेचलेली काकडी, काळ्या अळंबीची कोशिंबीर आणि शाओशिंग वाइनमध्ये मुरवलेली कोंबडी. मग सूप, आठजणांसाठी कोंबडीचे आणि दोघांसाठी अळंबीचे. गरम पदार्थांत एक पेकिंग बदक, त्याच बदकाच्या उरलेल्या मांसाचा दुसरा पदार्थ, आले आणि पातीचा कांदा घालून वाफवलेला अख्खा मासा, सुक्या लाल मिरच्यांत परतलेली कोंबडी, खिम्याविना केलेली लसणीतली वांगी, ऑयस्टर सॉसऐवजी अळंबीच्या सॉसमधला टोफू आणि आल्यातली पालेभाजी. शेवटी भाज्यांचा परतलेला भात आणि त्यानंतर फळे किंवा लाल चवळीसारख्या अझुकी बियांचे गोड सूप. या यादीत शाकाहाऱ्यांना दोन थंड, एक सूप, तीन गरम पदार्थ आणि भात मिळतो, म्हणजे त्यांचे जेवण जोडपदार्थांवर भागवलेले राहत नाही. कोळंबी-शिंपले तर कुठेच नाहीत, त्यामुळे तबकडी फिरताना ॲलर्जीवाल्या पाहुण्याला प्रत्येक बशीपुढे विचार करत बसावे लागत नाही. मासा वाफवताना काय ओततात आणि कोंबडी कोणत्या कढईत परततात, एवढे मात्र विचारावे.

सावधान: डिमसम आणि डंपलिंग नगांवर मिळतात, एका टोपलीत बहुधा तीन किंवा चार. दहाजणांसाठी दोन टोपल्या मागवल्या की दोन-चार माणसे उपाशी राहतात आणि शेवटचा नग कोणीच उचलत नाही. नग मोजून, माणशी किमान एक धरून टोपल्या मागवाव्यात.

टप्पा ५ : वजनाचे आणि माणशी भावाचे पदार्थ

मेन्यूवर ‘बाजारभाव’ लिहिलेले जिवंत मासे, खेकडे आणि लॉब्स्टर वजनावर विकले जातात. भाव कोणत्या मापाचा हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. सिंगापूर आणि मलेशियात तो बहुधा १०० ग्रॅमचा असतो. चिनी मापांत तो जिन किंवा लिआंगमध्ये सांगतात आणि ही मापे सगळीकडे सारखी नाहीत: मुख्यभूमी चीनमध्ये १ जिन म्हणजे ५०० ग्रॅम आणि १ लिआंग म्हणजे ५० ग्रॅम, हाँगकाँगमध्ये तोच जिन सुमारे ६०५ ग्रॅमचा आणि त्याचे १६ भाग पडत असल्याने लिआंग सुमारे ३८ ग्रॅमचा. लिआंगचा भाव जिनचा समजून ऑर्डर दिली तर बिल हाँगकाँगमध्ये सोळापट आणि मुख्यभूमीत दहापट येते.

क्रम असा ठेवावा: भाव आणि माप विचारावे, हवे ते वजन सांगावे, मासा जिवंत असताना टेबलापाशी आणून दाखवायला सांगावा, प्रत्यक्ष वजन आणि एकूण रक्कम ऐकावी आणि मगच शिजवण्याची पद्धत सांगून होकार द्यावा. उंची रेस्टॉरंटांत हा नेहमीचा शिष्टाचार आहे, अविश्वास नव्हे.

अबालोन, विशेष सूप किंवा एकेकाला वाढून मिळणारे पदार्थ माणशी भावाचे असतात. मेन्यूवरचा आकडा एका वाटीचा की भांड्याचा, हे विचारून दहाने गुणून पाहावे.

टप्पा ६ : पोहोचणे, बसणे आणि चहा

यजमानाने वीस मिनिटे आधी पोहोचावे. व्यवस्थापकाला भेटून आधी ठरवलेली यादी त्याच्या हातात द्यावी, ॲलर्जी पुन्हा सांगावी आणि आज कोणता पदार्थ नाही हे विचारून पर्याय तिथेच ठरवावा. पाहुणे बसल्यावर ही चर्चा सुरू झाली की पुन्हा प्रत्येकजण मेन्यूकार्ड उघडतो.

गोल टेबलाला टोक नसते, तरी मानाची जागा असते: दाराकडे तोंड असलेली. काही भागांत तिथे प्रमुख पाहुणा बसतो, तर काही भागांत यजमान बसतो आणि त्याच्या उजवीकडे प्रमुख पाहुणा. नेमकी प्रथा माहीत नसेल तर सर्वांत ज्येष्ठ पाहुण्याला दारासमोर बसवावे आणि स्वतः दाराकडे पाठ करून, वेटरला खुणावता येईल अशा जागी बसावे. लहान मुले वेटर पदार्थ ठेवतो त्या बाजूला नसावीत. उकळती भांडी त्यांच्या डोक्यावरून येतात.

बसताच चहा कोणता हे विचारतील. तेलकट जेवणासोबत गडद पु-अर, हलक्या जेवणासोबत लोंगजिंग किंवा जाईचा चहा, आणि कॅफीन नको असणाऱ्यांसाठी शेवंतीच्या फुलांचा. चहा आधी इतरांच्या कपात, शेवटी आपल्या. कोणी आपल्या कपात ओतत असताना बोलणे न तोडता दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करणे ही कँटनकडची आभाराची रीत आहे. किटली रिकामी झाली की झाकण तिरके करून ठेवावे. वेटर न सांगता गरम पाणी भरतो.

सावधान: न मागता आलेले शेंगदाणे, लोणची आणि ओले टॉवेल अनेक ठिकाणी बिलात धरले जातात, चहाही माणशी लावतात. नको असेल तर हात लावण्यापूर्वीच परत पाठवावे. शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेला पाहुणा असेल तर ती बशी लगेचच उचलायला सांगावी.

टप्पा ७ : पदार्थांचा वेग ठरवणे

कढईतला पदार्थ तयार झाला की तो बाहेर येतो, आणि स्वयंपाकघर वेगवान असेल तर पंधरा मिनिटांत टेबल भरून अर्धे अन्न थंड होते. म्हणून ऑर्डर देतानाच क्रम सांगावा: थंड पदार्थ आणि सूप, मग बदक, मग एकावेळी दोन गरम पदार्थ, मासा उत्तरार्धात, भाजी आणि शेवटी भात. कँटनकडे सूप आधी येते, इतर काही भागांत ते शेवटाकडे देतात. साधा भात पदार्थांसोबत खायचा असेल तर तो सुरुवातीलाच स्पष्टपणे मागावा, नाहीतर मेजवानीच्या रीतीनुसार तो सगळे संपत आल्यावर येतो.

टप्पा ८ : टेबलावरची वागणूक

उंची ठिकाणी प्रत्येकापुढे चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या असू शकतात. एक वाढून घेण्याची आणि एक खाण्याची, रंगाने वेगळ्या. कोणती कशासाठी हे वेटरला पहिल्याच क्षणी सर्वांसमोर सांगायला लावावे. एकच जोडी असेल तर प्रत्येक बशीत वाढण्याचा चमचा आहे ना ते पाहावे. शाकाहारी पदार्थांचे चमचे वेगळेच राहिले पाहिजेत, आणि त्या बशा तबकडीवर शेजारीशेजारी ठेवल्या की चमच्यांची अदलाबदल टळते.

तबकडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश फिरवावी. नवा पदार्थ आधी प्रमुख पाहुण्यासमोर जातो. कोणी वाढून घेत असताना ती हलवू नये. हात लावण्यापूर्वी पूर्ण टेबलावर एकदा नजर टाकली की हा प्रश्न मिटतो. चहाचे कप आणि पेले तबकडीच्या काठावर ठेवू नयेत, फिरताना ते समोरच्याकडे जातात किंवा आडवे होतात.

पहिल्या फेरीत प्रत्येक पदार्थातून थोडेच घ्यावे. बशी उकरून हवा तो तुकडा शोधू नये, आपल्या बाजूचा घ्यावा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नयेत, कारण ते मृतांपुढच्या उदबत्तीसारखे दिसते. हाडे आणि काटे समोरच्या छोट्या बशीत ठेवावेत. ती भरली की बदलून मिळते. चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा-चमचा मागावा.

चार पदार्थ खाण्याची रीत वेगळी आहे, म्हणून सांगून ठेवतो.

बदक टेबलापाशी कापतात. आधी कातडी येते. काही ठिकाणी तिच्यासोबत साखर देतात. बाकीचे काप पातळ पोळीवर सॉसचे एक बोट फिरवून, काकडी आणि पातीचा कांदा ठेवून गुंडाळतात. पोळीत तीन काप पुरतात; भरगच्च भरली की सॉस मनगटावर उतरतो. एक बदक साधारण चार ते सहाजणांचे. दहाजणांना पूर्ण जेवणाचा भाग म्हणून एक पुरते, मुख्य आकर्षण असेल तर दोन. कापणी संपण्यापूर्वी सांगाड्याचे काय करणार हे विचारावे: त्याचे सूप होते किंवा मीठ-मिरीत तळून मिळते. न विचारल्यास तो आत जातो आणि परत येतोच असे नाही.

अख्ख्या माशाचे डोके प्रमुख पाहुण्याकडे ठेवतात. वरची बाजू संपल्यावर मासा उलटायचा नसतो. किनाऱ्यावरच्या लोकांत ते होडी उलटण्याचे चिन्ह मानले जाते. मधला काटा उचलून खालचे मांस घ्यावे, किंवा सरळ वेटरला वाटून द्यायला सांगावे.

रस भरलेले शाओलोंगबाओ डंपलिंग शेंड्याला धरून चमच्यात ठेवावे, कडेला बारीक चावा घेऊन वाफ जाऊ द्यावी, रस प्यावा आणि मग आले घातलेल्या काळ्या व्हिनेगरसोबत खावे. अख्खे तोंडात टाकले तर टाळू भाजते.

खेकड्यानंतर लिंबाच्या फोडीसह कोमट पाण्याचा किंवा फिक्या चहाचा वाडगा येतो. तो बोटे धुण्यासाठी असतो, पिण्यासाठी नाही.

टप्पा ९ : मद्य आणि शुभेच्छा

पहिला पेला यजमानाने उचलायचा, त्याआधी कोणी नाही. ज्येष्ठांशी पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड त्यांच्यापेक्षा खाली ठेवावी. बाईज्यू हे पांढरे मद्य छोट्या पेल्यात देतात, कारण ते तीव्र असते; माओताईचा प्रसिद्ध प्रकार ५३ टक्के अल्कोहोलचा आहे. प्रत्येक शुभेच्छेला पेला रिकामा करण्याचा आग्रह झाला तर घोट घेऊन थांबणे चालते, आणि न पिणाऱ्याने चहाचा कप उचलला तरी शिष्टाचार पूर्ण होतो. हे यजमानाने पहिल्याच फेरीत जाहीरपणे सांगून टाकावे, म्हणजे न पिणाऱ्याला एकेकाला समजावत बसावे लागत नाही. आपली बाटली नेणार असाल तर ती उघडण्याचे शुल्क बुकिंगच्या फोनवरच विचारलेले असावे.

टप्पा १० : बिल आणि उरलेले अन्न

कोणी निमंत्रण दिले असेल तर बिल त्याचेच. चिनी रीतीत बिलावरून प्रेमाची ओढाताण होते. ती टाळायची असेल तर फळे येण्याच्या सुमारास हात धुण्याच्या निमित्ताने उठावे आणि काउंटरवर कार्ड देऊन यावे. सर्वांनी वाटून भरायचे असेल तर तसे निमंत्रणातच लिहावे, आणि एकाने पूर्ण रक्कम भरून नंतर हिशेब करावा. दहा कार्डे वेटरपुढे धरू नयेत.

बिलात चार जागा तपासाव्यात: वजनाच्या पदार्थाचे वजन, माणशी पदार्थांची संख्या, चहा व न मागता आलेल्या बशा, आणि सर्व्हिस चार्ज. हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये तो बहुधा १० टक्के असतो, म्हणून वर वेगळी टीप देणे बंधनकारक राहत नाही. मुख्यभूमी चीनमध्ये टीप देण्याची सर्वसाधारण प्रथा नाही.

उरलेले अन्न बांधून मागण्यात संकोच नको. चीनने २९ एप्रिल २०२१ रोजी अन्ननासाडीविरोधी कायदा केला. त्यानुसार गिऱ्हाइकाला भरमसाट ऑर्डर द्यायला भाग पाडणाऱ्या रेस्टॉरंटला दंड होऊ शकतो आणि फार अन्न टाकून देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून विल्हेवाटीचा खर्च घेता येतो. परतलेला भात, सॉसमधले मांस आणि टोफू दुसऱ्या दिवशी नीट गरम होतात. वाफवलेला मासा आणि बदकाची कातडी मात्र टेबलावरच संपवावी, कारण माशाचे मांस पुन्हा गरम केल्यावर चिवट होते आणि कातडीचा कुरकुरीतपणा डब्यातल्या वाफेनेच जातो. शाकाहारी पदार्थ वेगळ्या डब्यांत भरायला सांगावेत आणि डबे बंद होण्यापूर्वी त्यांवर खूण करून घ्यावी.